मासळीवाल्या मावशींच्या फोनमधलं पहिलं नाव

मंडळी, आज इतकी किळस आली आहे की लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

आम्हाला मासे देणाऱ्या मावशींना वाचता येत नाही. सुनेने त्यांच्या फोनमध्ये नावं क्रमाने भरून दिलीत. पहिला त्यांचा रिक्षावाला मुलगा, मग सून, मग बर्फवाला. मावशी मोजून बटण दाबतात.

आज त्या पाटीशिवाय आल्या आणि फोन पुढे केला. "ताई, बघा ना काय झालंय. पहाटे ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. पोराला तीनदा लावला, कोणीतरी राँग नंबर म्हणून ठेवून दिला. शेवटी शेजाऱ्याने टेम्पोतून सिव्हिलला नेलं."

यादीत सगळ्यात वर मोबाईल दुरुस्तीचं दुकान! काल मावशींच्या फोनची घंटी दुरुस्त करताना दुकानदाराने स्वतःचा नंबर घुसवला होता. वर यावा म्हणून नावाआधी 'ए ए' लावून.

जाऊन जाब विचारला. तो हसला. "मॅडम, सगळ्यांच्याच फोनमध्ये टाकतो. जाहिरात आहे. वाचता येत नाही तर फोन कशाला वापरायचा?"

पहाटे तीनदा फोन ठेवणाराही हाच.

तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या फोनमध्ये पहिलं नाव कोणाचं आहे, आज बघाल?