उंदरांसाठी राखलेला कोपरा

माझे लग्न ठरले तेव्हा होणाऱ्या नवऱ्याला उंदरांचे वेड आहे, हे कुणी सांगितले नव्हते. सांगितले असते तर माझ्या वडिलांनी स्थळच मोडले असते. सन तीसच्या पुढचा काळ तो. प्लेगच्या आठवणी ताज्या होत्या आणि घरात उंदीर मरून पडला की माणसे बोचकी बांधायला घेत. आमचे हे मात्र रत्नागिरीच्या शाळेत चित्रकला शिकवून घरी यायचे, चहा घ्यायचे आणि उंदीर बघायला सड्यावर, गावाबाहेरच्या कातळाच्या माळावर, निघायचे. घरातले नव्हेत हो, रानातले! घरातल्या उंदरांकडे ते ढुंकूनही बघत नसत. ते काम माझे.

पहिले वर्ष मी धुसफुसत काढले. मग एका रविवारी त्यांच्याबरोबर गेले, घरी बसून तरी काय करणार? सड्यावर एका बिळाच्या तोंडाशी जांभ्याचे बारीक बारीक खडे नीट रचून ठेवलेले होते. मला वाटले, पोरे खेळून गेली असतील.

"उंदराने रचलेत," हे म्हणाले. "आतसुद्धा खड्यांचीच गादी असते त्याची."

त्या उंदराच्या पाठीवरचे केस काट्यांसारखे राठ असतात म्हणे. पुढे कपारीत राहणारा पांढऱ्या शेपटीचा उंदीर मी स्वतः पाहिला. शेताच्या बांधात भाताच्या लोंब्यांचे कोठार भरणारा तर ओळखीचाच होता, त्याच्या नावाने गावोगावचे शेतकरी बोटे मोडतात. तोवर मला उंदरांत लहान आणि मोठा एवढाच भेद माहीत होता. परतताना मीच यांना प्रश्न विचारत होते आणि हे इतके खूश झाले होते की चप्पल तुटल्याचेही त्यांच्या लक्षात आले नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गावच्या घरी जात असू. तिथे यांचे थोरले भाऊ शेती बघत. आई-वडील लवकर गेल्यामुळे त्यांनीच यांना वाढवले, शिकवले. भावाभावांचे बोलणे मात्र असे की ऐकणाऱ्याला वाटावे, दोघे रोज भांडतात.

त्या वर्षी आम्ही पोहोचलो तेव्हा भाजावळ राहिली होती. आमच्याकडे भाताचे बी पेरायची जमीन आधी भाजून घेतात. थंडीत झाडांच्या फांद्या तोडून रचून ठेवायच्या, ती कवळे वाळली की शेण-पाचोळ्याबरोबर पसरायची आणि पेटवून द्यायची. भाजलेल्या जमिनीत तण मरते आणि भाताची रोपे, म्हणजे तरवा, जोमाने येतो. तरवा कमी पडला की लावणीला शेत ओसाड राहते. मग दुसऱ्याच्या दारात मागायला जायचे, आणि गावात त्याच्याइतका कमीपणा दुसरा नाही. "या घरानं कधी कुणाकडं तरवा मागितला नाय," हे जाऊबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ऐकवले होते.

भाजावळीच्या आदल्या दिवशी हे त्या जमिनीच्या कोपऱ्यातल्या किंजळीच्या झाडाकडे गेले. तिच्या बुंध्याशी कवळांचा एक ढीग होता. तिथूनच त्यांनी मला हाक मारली. ढिगात गवताचा नारळाएवढा गोळा होता आणि त्याच्यावरच्या फांदीवर तांबूस पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, अंगठ्याएवढा उंदीर. शेपूट अंगाहून कितीतरी लांब, फांदीला वेढलेली. झाडावरचा उंदीर! गोळ्यात पिल्ले होती.

"पाय बघ," हे कुजबुजले. "कडेच्या बोटांना आपल्यासारखी चपटी नखं आहेत."

मला तो जीव फार आवडला. पण उद्या तो ढीगही पेटणार होता.

संध्याकाळी अंगणात यांनी विषय काढला. "दादा, एवढा कोपरा ठेव. किंजळीखालचा."

"उंदरांसाठी? भात खायला पोसू त्यांना?"

"हे भात खाणारे नव्हेत रे. झाडावरची फळं, कोंब खातात."

"उंदीर तो उंदीर! मास्तर झालास, पण अक्कल नाय आली."

दीर उठून गोठ्याकडे निघून गेले. हे रात्री जेवले नाहीत. मला राग आला होता, पण नक्की कुणाचा, ते सांगता येईना.

सकाळी माणसे जमली. वाऱ्याच्या उलट बाजूने आग लावली, म्हणजे ती सावकाश सरकते आणि जमीन खोलवर भाजते. सगळीकडे कवळे पसरली होती, किंजळीखालचा ढीग मात्र जागच्या जागी होता. त्याच्या पुढची पट्टी पहाटेच कुणीतरी झाडून मोकळी केली होती. दीर ओला डहाळा घेऊन तिथे उभे राहिले, जवळ येणारी आग झोडपत राहिले आणि सगळा वेळ भावाला शिव्या घालत राहिले. हे धुराने चुरचुरणारे डोळे पुसत हसत होते. पिल्ले वाचली.

शाळा उघडली तसे हे रत्नागिरीला गेले, मी लावणीसाठी मागे राहिले. न भाजलेला तो कोपरा तणाने भरला. त्यातली रोपे पिवळी, केसासारखी बारीक. शेवटच्या खाचराला तरवा पुरला नाही. जाऊबाई दिवसभर भांडी आपटत होत्या.

दीर पावसासाठी डोक्यावर इरले घेऊन शेजाऱ्याकडे निघाले. तरव्याच्या जुड्या आणायला हात हवा म्हणून मागोमाग मीही गेले. शेजाऱ्याच्या पडवीत चार माणसे पावसाच्या आडोशाला बसली होती.

"तू तरवा मागतोस?" शेजारी हसला. "काय झालं काय रे?"

खरे सांगितले असते तर हसे यांचे झाले असते. मास्तरचे उंदीर गावाला वर्षभर पुरले असते.

"बी टाकताना हात आखडला," दीर म्हणाले. "माजाच अंदाज चुकला."

"एवढी वर्सं शेती करून?" कुणीतरी म्हणाले, आणि सगळे हसले. दीर खाली मान घालून उभे राहिले. माझे डोळे भरून आले.

जुड्या घेऊन आम्ही बांधावरून परतत होतो. थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी सरळ बोलायचे नाही, अशी आमच्यात रीत, काही सांगायचे तर ते जाऊबाईंमार्फत. त्या दिवशी ते पुढे चालता चालता थांबले. मागे वळून बघितले नाही.

"बाय," ते म्हणाले, "त्याला यातलं काय सांगू नको. पुढच्या सुट्टीला यायचा नाय तो."