डावीकडची जागा

गाडी विकण्याचा विषय निघाला की भाई डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे, तिच्यावरून सावकाश हात फिरवायचे आणि म्हणायचे, "एवढा दसरा होऊ दे."

पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसाला दसऱ्याचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. एकोणीसशे साठच्या आसपास बदली होऊन मी खालापूरला आलो. खातं मोजणीचं, आणि खोली भाईंच्या भातगिरणीसमोर. खंडेनवमीला गिरणीतले गडी इंजिनाची पूजा करायचे आणि एक माळ भाईंच्या गाडीलाही घालायचे. त्यासाठी झेंडू भाई स्वतः खोपोलीहून आणायचे. दसरा उलटल्यावर कोणी गाडी विकण्याची आठवण केली, तर म्हणायचे, "आवो, माळ सुकली नाय अजून. बरं दिसतं काय?" माळ सुकेपर्यंत थंडी पडायची, आणि थंडीत असली गाडी कोण विकतो? उन्हाळ्यात गिऱ्हाईक घामाने वैतागून भाव पाडतं. पावसाळ्यात कोणी फिरकत नाही. की आलाच दसरा.

गाडी दोनच माणसांची. शर्यतीच्या गाड्यांच्या जातीची, बाटलीसारखी हिरवी, लांब नाकाची, कापडी टपाची आणि इतकी बुटकी की बैलगाडीवालासुद्धा तिच्यात वाकून बघायचा. खंडाळ्यात बंगला असलेल्या एका साहेबाने विलायतेला परत जाताना ती भाईंना देऊन टाकली होती.

"भाई, ही गाडी उभी हाय का बसलेली?" भात भरडायला आलेले शेतकरी विचारायचे.

"बसलेलीच हाय. उभी राहिली तर तुमच्या बैलांना घाम फुटंल."

पावसाचे चार महिने ती गिरणीच्या गोदामात गोणपाटांखाली असायची. गिरणी म्हटली की उंदीर आलेच. दरवर्षी ते सीटमधला काथ्या उपसून घर करायचे, आणि का कोण जाणे, नेहमी डावीकडच्या सीटमध्ये. भाई म्हणायचे, "उंदरांनाबी कळतं, मोक्याची जागा कुठली ती."

त्या डावीकडच्या जागेवर एरवी कोणीही बसायचं. मी बसलोय, कचेरीतले अव्वल कारकून बसलेत, एकदा तर एक आजारी शेळी तिथे बसून जनावरांच्या दवाखान्यात गेली होती. पण शुक्रवारची संध्याकाळ भाभींची, म्हणजे भाईंच्या बायकोची. डोक्यावरचा पदर कानामागे घट्ट खोचून त्या बसायच्या आणि दोघं घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायची.

आता यात विशेष ते काय? सांगतो. त्या काळी घरात नवरा-बायको शेजारी शेजारी बसतात, हे मी तरी पाहिलं नव्हतं. माझे वडील ओटीवर, आई चुलीपाशी. दोघांना एका बाकावर पाहिलं ते फक्त पुढे माझ्या लग्नाच्या फोटोत, आणि तिथेही मध्ये मला घातलेलं. भाईंच्या घरीही तीच तऱ्हा. भाई जेवायचे, भाभी वाढायच्या, चार माणसं बसलेली असली तर बोलायच्या त्या दाराआडून. गाडीत मात्र दुसरी जागाच नव्हती. खांद्याला खांदा लागायचा. इंजिनाच्या आवाजामुळे ती दोघं ओरडून बोलत जायची, आणि भाभींचं हसणं मला खोलीत ऐकू यायचं. मी तेव्हा एकटा होतो. शुक्रवारी संध्याकाळी मुद्दाम खिडकीशी बसायचो. त्यांचा हेवा वाटायचा, खरं सांगायचं तर.

गाडी विकावी असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. सुटे भाग मिळेनासे झाले होते, आणि पोक्त माणसाला ती शोभत नाही असं जावई दर ईदेला सांगायचा. मुंबईचा एक शौकीन दर हिवाळ्यात तिच्यासाठी यायचा. स्वतःचा चहा थर्मासमध्ये घेऊन यायचा, कारण भाईंना नकार द्यायला अर्धा दिवस लागतो हे त्याला पाठ झालं होतं. आम्ही त्याला थर्मासवालाच म्हणायचो.

मग एका श्रावणात भाभी विहिरीच्या ओल्या दगडावरून घसरल्या. हाड जुळलं, पण गुडघा वाकेना. पाय काठीसारखा ताठ राहिला. दसऱ्याला गाडी बाहेर निघाली तेव्हा लक्षात आलं की गाडीत बसल्यावर अडचण काहीच नाही, तिच्यात पाय लांब करूनच बसायचं असतं. अडचण एवढं खाली वाकून त्या सीटपर्यंत पोचण्याची. भाईंनी धरून बसवायचा प्रयत्न केला आणि दोघंही अंगणात बसली. परक्या माणसाने हात लावलेला भाभींना चालणार नव्हता.

दोन-तीन शुक्रवार असेच गेले. एका सकाळी भाई माझ्या दारात उभे.

"मोजणीवाले, टेप घ्या आणि चला."

"कशाची मोजणी?"

"गाडी काय वर येत नाय. माणूस खाली गेला तर?"

त्यांच्या डोक्यात खड्डा होता. गाडीच्या डाव्या बाजूला लागून एक चर खणायचा, एका टोकाला उतार ठेवायचा. भाभी काठी टेकत उताराने चरात उतरणार, सीट त्यांच्या कमरेला येणार, की पाठ करून नुसतं सरकायचं. मी हसलो, पण मापं घेतली. चुन्याची फक्की टाकून रेघा मारून दिल्या. सरकारी मोजणीदार भाईंच्या दारात रेघा मारतोय म्हटल्यावर रस्ता रुंद होणार अशी बातमी बाजारात पोचली. दुपारी गड्यांनी माणसाच्या लांबीचा खड्डा खणायला घेतला, तेव्हा बातमी बदलली. चार-पाच शेजारी डोक्याला रुमाल बांधून, खाली मान घालून आले.

"कोन गेलं, भाई?"

"कोनी गेलं नाय. आमी जातोय. फिराया."

भाभींनी दारातून खड्डा पाहिला. "अवो, एवढी घाई?" म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. हसत हसतच त्या चरात उतरल्या आणि अलगद सरकून आपल्या जागेवर बसल्या. भाईंनी दार लावून घेतलं. त्या संध्याकाळी ते घाटाच्या पायथ्याशी थांबलेच नाहीत म्हणे, पार वर खंडाळ्यापर्यंत गेले.

तो हिवाळा मजेत गेला. पण खड्डा एकच होता. भाभी दारात बसायच्या त्या परत दारातच उतरायच्या. मध्ये कुठेही उतरणं नाही. एसटीची पायरी तर त्यांच्याने चढवतच नव्हती. गाडी विकून एखादी उंच, चार दारांची घेतली तर त्या चार घरी जातील, हे भाईंनाही दिसत होतं. पण उंच गाडीत ताठ पाय पसरायचा तर मागची अख्खी सीट लागणार, हेही दिसत होतं.

माघात कुंभिवलीला भाभींच्या धाकट्या बहिणीला नात झाली. मी त्या दिवशी तिथे शेजारच्या शेताची मोजणी करत होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. हिरवी गाडी अंगणात येऊन थांबली. भाई उतरले, भाभी बसून राहिल्या. बहीण चहा घेऊन बाहेर आली आणि गाडीपाशी उकिडवी बसली. आतून बाळ रडायला लागलं.

"जरा दारापत्तुर तरी आण गं तिला," भाभी म्हणाल्या.

"कशी आणू, बाय? चाळीस दिस झाले नाय अजून. वारा लागंल."

भाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली, जमिनीकडे पाहिलं, टाचेने माती उकरून पाहिली. "इथं आपण एक चर..."

"नको भाई," बहीण हात जोडून म्हणाली. "बाळंतिणीच्या दारात असला खड्डा? लोकं काय म्हनतील?"

भाईंनी उकरलेली माती टाचेने परत सारखी केली. भाभी कप हातात धरून आतला आवाज ऐकत होत्या. चहा निवून गेला. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "आवाज खणखणीत हाय पोरीचा."

परतताना गाडीतून बोलण्याचा आवाज आला नाही. नुसतं इंजिन ऐकू येत होतं.

त्याच आठवड्यात भाईंनी आपण होऊन थर्मासवाल्याला निरोप धाडला. तो आला, तर थर्मासचं झाकण उघडण्याआधी व्यवहार संपला. त्यालाच ओशाळल्यासारखं झालं असावं. "भाई, अजून विचार करा," म्हणाला.

"लय वर्सं केला," भाई म्हणाले. "पावसात बाहेर काढू नका. आणि डावीकडचं दार हळू लावा, कडी ढिली हाय."

गाडी वळणापलीकडे गेली तरी ते रस्त्यावर उभेच होते. घरातून भाभींचा आवाज मला माझ्या खोलीत स्पष्ट ऐकू आला. "मला इचारलंबी नाय तुमी!"

"इचारलं असतं तर इकू दिली असतीस?"

दोन दिवस घरात भांडी मोठ्याने वाजत होती.

मग जुनी काळी, चार दारांची गाडी आली. भाभी उजवीकडच्या मागच्या दाराने पाठमोऱ्या आत सरकायच्या, डाव्या कोपऱ्याला टेकायच्या आणि सीटभर पाय पसरायच्या. पहिल्याच दिवशी त्या कुंभिवलीला जाऊन आल्या, पोरीला मांडीवर खेळवून आल्या. येताना किती खूश होत्या! मग लग्नं झाली, बारशी झाली, पनवेलला लेकीकडे चार-चार दिवस राहणं झालं. भाभी सगळीकडे जायला लागल्या. एकदा मी भाईंना म्हटलं, बरं केलंत विकलीत ते.

"हां, बरंच झालं," भाई म्हणाले. "पन मोजणीवाले, आता ती माझ्यासंगं येते असं वाटत नाय. मी तिला पोचवतो, इतकंच. काय बोलाया मान फिरवली तर गाडी खाचरात जाईल."

पुढे माझी बदली झाली, लग्न झालं. मी बायकोला हट्टाने शेजारी बसवतो, सिनेमात, बसमध्ये, कुठेही. ती म्हणते, "लोक बघतात." मी म्हणतो, बघू देत.

भाईंना मी शेवटचं पाहिलं ते एका जमिनीच्या दाव्यात साक्ष द्यायला खालापूरला गेलो तेव्हा. भाभी आदल्या वर्षी गेल्या होत्या. भाई खूप वाळले होते, पण मला कर्जत स्टेशनवर सोडायला स्वतः निघाले. काळी गाडी तीच. मी पुढे त्यांच्या शेजारी बसलो. वाटेत ते पाऊसपाण्याचं बोलले, भाभींचं काहीच नाही.

मागून एक ट्रक केव्हाचा हॉर्न देत होता. भाईंनी आरशात पाहिलं, तरी गाडी रस्त्याच्या मधूनच चालवत राहिले. म्हणून माझं तिकडे लक्ष गेलं. आरसा मागच्या काचेकडे नव्हताच. तो खाली, मागच्या सीटच्या डाव्या कोपऱ्याकडे वळवलेला होता, आणि तिथे कोणी नव्हतं.

"भाई, आरसा हललाय. मागून कोण येतंय ते दिसत नसेल तुम्हाला."

"येनारे हॉर्न देतात की," भाई म्हणाले.

त्यांनी गाडी कडेला घेतली, ट्रकला जाऊ दिलं. आरशाला मात्र हात लावला नाही. मीही लावला नाही. कर्जत येईपर्यंत ते अधूनमधून मान वर करून त्याच्यात बघत होते.