यादीतलं पहिलं नाव

वसुंधरा ढोक हिंदी मुलखातल्या एका कारखान्याच्या गावची, तिथल्या स्मृति नगर वस्तीतली; वडील क्लार्क, मूळचे अमरावतीकडचे. कॉम्प्युटर शिकून ती एका ठेकेदाराच्या ऑफिसात लागली, ते साल ब्याण्णव. त्या यंत्राला हात लावायची हिंमत तिथं फक्त तिचीच, त्यामुळे जरा तोराही होता, खोटं कशाला सांगू.

कारखान्याच्या गेटवर लागणारी मजुरांची यादी तिनं कॉम्प्युटरवर घेतली. एक प्रोग्राम टोळीची नावं जमवायचा, मग छापणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामला सुरू करायचा आणि सुरू करतानाच सगळी नावं ओळीनं त्याच्या हवाली करायचा. वडीलधाऱ्याचं नाव आधी, ही आपली रीत. म्हणून टोळीतले सगळ्यात म्हातारे मजूर नत्थूबाबा, त्यांना तिनं सगळ्यांच्या वर ठेवलं. गोम अशी, की छापणारा प्रोग्राम हाती आलेला पहिला शब्द स्वतःचं नाव समजतो आणि दुसऱ्यापासून छापायला लागतो. नावांच्या आधी त्या प्रोग्रामचं नाव द्यायला हवं होतं. ती विसरली, आणि त्या जागी बाबांचंच नाव गिळलं गेलं. तपासताना कागदावर भराभर नावं उमटली, वसुंधराबाई खूश झाल्या, मोजायचं राहून गेलं.

गेटवर शामसुंदर शिपायानं नत्थूबाबांना अडवलं. "लिस्ट में नाम नहीं है." दुसऱ्या दिवशीही तेच. बाबा ऑफिसात विचारायला आलेच नाहीत. गुडघ्यांपायी त्यांनी नुकतंच ठेकेदारसाहेबांकडे हलकं काम मागितलं होतं. त्याचंच हे उत्तर, असं त्यांनी धरलं. राग येतो तो याचा, की बाबा दिसत नाहीत हे ऑफिसात एकालाही जाणवलं नाही.

शेवटी त्यांची बायको राधाबाई आली. "ताई, काढाचं होतं तं तोंडानं सांगाचं. बुढा जेवून नाही राहिला."

वसुंधरानं प्रोग्राम उघडून पाहिला, तेव्हा चूक तिला दिसली. राहिलेला शब्द तिनं घातला आणि तडक खुर्सीपारच्या मजूरवस्तीत बाबांच्या घरी गेली.

"बाबा, तुम्हाले कोणी काढलं नाही. मशीनची गडबड झाली. उद्या या."

 बाबा म्हणाले, "मशीनले कोन सांगते, ताई?"

"मीच सांगते."

"मंग साहेबालेबी तुमीच सांगा. हलकं काम नको म्हना. जड चालते मले."

तिनं शपथेवर सांगितलं, की यादीतल्या चुकीचा हलक्या कामाशी काही संबंध नाही. बाबा नुसती मान डोलवत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांचं नाव यादीत सगळ्यांच्या वर छापून आलं, आणि ते जड कामावर गेले.