मधे पडणारे मामा

आमच्या सर्वेच्या जीपचे ड्रायव्हर मामा नुसतं बोलायला लागले तरी समोरच्याला वाटायचं, आता हा मारणार. नवी पेठेत रिक्षा आडवी आली की ते खाली उतरत, तिचा आरसा मुठीत धरत आणि विचारत, "उपटू का?" उपटला कधीच नाही. रिक्षा मात्र मागे जायची.

मधुमेह, दमा, फिट असले कायमचे आजार जडलेल्या बारा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या मनाचं काय होतं, याचा तो अभ्यास होता. झोप लागते का, जगणं नकोसं वाटतं का, घरात कुणी मारतं का, हे मी एकेकाला विचारायची. मामा लांब जीपपाशी थांबत. निघाल्यावर विचारत, "रडली का पोरगी?" मी हो म्हटलं की स्टिअरिंगवर थाप बसे. "इचारता लई. फुडं करता काय?"

"वर कळवतो, मामा. आपण मधे पडायचं नाही, असा नियम आहे."

"चांगलाय की नियम. वळ तुमच्या अंगावर उठत न्हाईत."

उजनीच्या काठावरच्या एका गावात फिट येणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीची मुलाखत ठरली होती. आम्ही पोचलो तर अंगणात गर्दी. देवऋषी तिच्या पाठीवर चाबूक ओढत होता आणि आईनं तिचे दोन्ही हात धरले होते. "नाव सांग!" तो ओरडत होता. त्याला अंगातल्या भुताचं नाव हवं होतं. मी फॉर्म छातीशी धरून ऑफिसला फोन लावला. लागेना. पोरगी दगडावर तोंडघशी पडली, दात तुटून रक्त आलं. मी पुन्हा फोन लावला.

मामा माझ्या शेजारून पुढे गेले. चाबूक हिसकावून त्याच्याच दांड्यानं त्यांनी देवऋषीला हाणायला सुरुवात केली. तो पडला तरी थांबले नाहीत. त्याचं मनगट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. सोडवायला आलेल्या आईलाही त्यांनी ढकलून दिलं. पोरगी भिंतीला चिकटली होती, आणि आता ती मामांकडे बघून थरथरत होती. मग गावातले लोक पाइप घेऊन धावले. मामा रक्त ओकेपर्यंत त्यांनी मारलं. पोलीस आले तेव्हा मी मुलीला जीपमध्ये घालून, दारं आतून लावून बसले होते.

दवाखान्यात मी मामांना म्हटलं, "एवढं मारायला नको होतं त्याला."

मोडक्या बरगड्यांमुळे त्यांना श्वास पुरत नव्हता. "त्याला कुटं मारत हुतो मी?" ते म्हणाले. "माजी ल्येक सुलीबी फिटंचीच. तिला असंच मारताना हात मीच धरलं हुतं. चौथ्या दिशी तिनं हिरीत उडी टाकली."

मामांवर केस झाली, नोकरी गेली. ते सांगोल्याकडे आपल्या गावी मेंढरांत परत गेले. मुलगी मावशीकडे राहायला गेली. गोळ्या सुरू झाल्या, फिट कमी झाल्या. मामांना भेटतेस का, विचारलं तर नको म्हणाली. मी ते फोनवर मामांना सांगितलं. त्यांनी आधी मेंढरांना हाळी दिली. मग म्हणाले, "बरुबर हाय तिचं."

आता सर्वेला येणाऱ्या नव्या मुलींना मी शिकवते. मधे पडायचं का, हे कुणीतरी विचारतंच. मामांसारखं मारा, असं मी सांगत नाही. त्या पोरीचे दात तुटले तेव्हा मी काय करत होते, ते सांगते.