बिरण्णाचं मूठभर पीठ

बिरण्णा पहिल्यांदा आमच्या आळंदच्या घरी आला तो मागच्या दारानं, आणि आल्या आल्या त्यानं मागितलं काय, तर पीठ. खांद्याला गोणपाटाची पिशवी, डोक्याला मळका रुमाल, एक वहाण धड आणि दुसरी सुतळीनं बांधलेली. "मूठभर जुवारीचं पीठ द्या की, अव्वा." माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणायचे मी त्यांना, अंगणात तूर निवडत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "सकाळधरनं हा तिसरा. वाढ गं, आणि पुढं व्हायला सांग." मी ताटलीतून पीठ आणलं. त्यानं ते रुमालाच्या टोकात बांधलं आणि पुढं व्हायचं सोडून सरळ आत आला.

"अरे अरे, कुठं घुसायलास? पीठ मिळालं न्हवं?" आत्याबाई ओरडल्या.

"मिळालं की. आता ते गळायलेलं बेसीन कुठाय, ते दावा."

नळ जोडणारा माणूस होता तो. मामंजींनीच त्याला सरकारी बंगल्याच्या कामावरून बोलावलं होतं. आत्याबाई तोंडाला पदर लावून जी हसायला लागल्या, ते बघून मलाही हसू आलं. त्या घरात मी तीन वर्षांत मोकळेपणी हसले ती तेवढीच वेळ असेल.

आता या बेसिनाचं सांगायला पाहिजे, त्याशिवाय बिरण्णा कळायचा नाही. निजामाच्या राज्यातली गोष्ट. मामंजी तुरीचे व्यापारी. त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझे मालक, लग्नानंतर दोन महिन्यांतच वकिली शिकायला हैदराबादेला गेले. मला मागून नेणार होते. तीन वर्षं झाली, पत्रं यायची ती मामंजींना, त्यात शेवटी 'सर्वांस नमस्कार' असायचा आणि त्या सर्वांत मी. एका पत्रात त्यांनी लिहिलं की दिवाळीला येईन म्हणतो, पण आता मोरीवर उकिडवं बसून हात-तोंड धुवायची सवय राहिली नाही. झालं. मामंजी हैदराबादेहून पांढरंशुभ्र चिनी मातीचं बेसीन गवतात गुंडाळून घेऊन आले. बेसीन बसलं की मुलगा येणार, अशी घरात सगळ्यांची खात्री झाली. आत्याबाई कुणाला काही बोलायच्या नाहीत, पण गवंडी भिंतीला भोक पाडत होता तेव्हा त्या हात जोडून उभ्या होत्या. आणि मी? मी अठरा वर्षांची होते. त्या भोकातून मला हैदराबादेचा रस्ता दिसत होता म्हणा ना.

आणि तेच बेसीन बसल्या दिवसापासून गळत होतं. खाली सगळा नळ उघडा, शिशाचा, पितळी जोडाचा. तो बेसिनाच्या तोंडापासून निघून भिंतीत शिरायच्या जागी असा तिरपा ओढलेला, की बघणाऱ्याची मान वाकडी व्हावी. गवंड्यानं जोडावर सफेदा थापला, त्यावर काथ्या, त्यावर पुन्हा सफेदा. तरी गळायचंच. खाली घमेलं ठेवायचं आणि भरलं की ओतायचं, हे काम माझ्याकडं.

बिरण्णानं पहिल्यांदा खालची फरशी फडक्यानं कोरडी केली. मग रुमालातलं पीठ चिमटीचिमटीनं नळाखाली पसरलं, रांगोळी घालावी इतक्या निगुतीनं. वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि मांडी घालून बसला. "गळतंय कुठं ते डोळ्याला दिसत न्हाई, अक्का. पानी नळाच्या पोटाखालनं सरकत जातंय आन् भलतीकडंच ठिपकतंय. पिठाला मातर सगळं कळतंय." वयानं माझ्या वडलांएवढा माणूस, पण मला पहिल्यापासून अक्काच म्हणाला. थोड्या वेळानं पिठात तीन ठिकाणी ओल्या गोळ्या झाल्या. त्यानं ओळंबा काढला, दोरी बेसिनाच्या भोकातून खाली सोडली, खडूनं खूण केली आणि हसला.

"भोक कुणाच्या वितीनं पाडलं?"

मामंजी दारात उभे होते. म्हणाले, "म्हणजे? मी दुकानातच मोजून आलो होतो. दोन वीत चार बोटं. तेच गवंड्याला सांगितलं."

"तुमची वीत आन् त्येची वीत येक हाय व्हय? त्येचा पंजा बघितलाव का? खोऱ्याएवढा हाय."

मामंजींनी आपल्या हाताकडं बघितलं. भिंतीतला नळ चार बोटं बाजूला आणि दोन बोटं वर गेला होता. पाणी काय चढ चढून जाणार होतं? बिरण्णा म्हणाला, भिंत फोडा. मामंजी म्हणाले, आत्ता तर चुना झालाय, फोडायची नाही. मग बेसीन दोन बोटं वर घ्या. त्याला आत्याबाई आडव्या आल्या. उंची त्यांनी ठरवली होती. "जाताना त्याचा करगोटा इथं यायचा," असं म्हणून त्यांनी भिंतीवर हात टेकवून दाखवला.

बिरण्णानं तो हात बघितला. पिशवी खाली ठेवली. म्हणाला, "तीन वर्सं झाली न्हवं, अव्वा? लेकरू वाढलं असंल की दोन बोटं."

आत्याबाईंनी हात काढला. "व्हय. वाढलं असंल," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

बेसीन दोन बोटं वर घ्यायचं ठरलं. दोन दिवस चाललं काम. गवंड्यानं आवळलेला एक एक जोड त्यानं ढिला केला. मी उंबऱ्यावर बसून बघत होते. घरात माझ्याशी बोलायला होतंच कोण? तो नळाशी बोलायचा, मधूनच माझ्याशी. करजगीकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला तो. "मेंढरू मागनं रेटलं की पाय रोवून हुबारतंय. म्होरं वाट दावली की आपणच जातंय. नळ तसाच हाय. ओढून आवळला की आज बसतोय आन् उद्या निसटतोय. दोन्ही तोंडं आधी समोरासमोर आणायची, अक्का. मग चिमटीनं फिरवलं तरी बसतंय." खालचं वाकडं वळण त्यानं बाजूला फिरवून घेतलं, त्यात वीतभर शिशाचा तुकडा घातला आणि नळ भिंतीतल्या तोंडासमोर असा अलगद आणला, की मला श्वास सोडल्यासारखं वाटलं. शेवटचा जोड त्यानं खरंच दोन बोटांनी बसवला. मग पुन्हा कोरडं पीठ, पुन्हा पाणी, आणि तासभर मांडी घालून बसणं. पीठ कोरडं राहिलं.

चहा त्याला अंगणात, कोनाड्यातल्या वेगळ्या करवंटीतून. मोरीच्या नळात हात घालणारा माणूस, त्याला घरातला पेला कोण देणार? द्यायची मीच, वरून धार धरून. मी म्हटलं, "गावी कोण कोण असतं?" म्हणाला, "भाऊ हाईत, भावजया हाईत, मेंढरं हाईत. मी गेलो की ताट वसरीवर येतंय, येगळं. हैदराबादेत हे काम शिकलो तवापासनं. म्हनून आता जातच न्हाई. बीदरला मैलूरात येक खोली हाय. येकट्यानं जेवायचं तर आपल्या खोलीत तरी जेवावं." अगदी सहज म्हणाला, कुणाचं गाऱ्हाणं करावं तसं नाही. हात धुवायला तो अंगणातल्या जनावरांच्या डोणीवर गेला.

निघताना त्यानं मला त्या वाकड्या वळणाची एक गोष्ट शिकवली. "ह्येच्या पोटात जरा पानी ऱ्हायाला पायजे. ते हाय तवर मागच्या खड्ड्याचा वास आत येत न्हाई. वापर नसला की आटतंय. रोज येक तांब्या ओतत जावा. कुनी हात धुवो न धुवो."

मी इकडंतिकडं बघितलं आणि धीर करून म्हटलं, "अण्णा, तुम्ही सामान आणायला हैदराबादेला जाता ना? यांच्या बिऱ्हाडी एकदा जाल का? बेसीन झालंय म्हणून सांगा. एवढंच सांगा." पत्राच्या पाकिटावरचा पत्ता मी कोळशानं एका चिठोऱ्यावर उतरवून ठेवला होता. तो त्यानं पिठाच्या त्याच रुमालात बांधला.

दिवाळी झाली. मालक आले नाहीत. संक्रांत झाली. बेसिनाला कुणी हात लावायचा नाही. ते मुलासाठी होतं, आम्ही बायका मोरीवरच. जोडाखाली बिरण्णाचं पीठ तसंच होतं, थोडं मुंग्यांनी नेलं. मी रोज सकाळी एक तांब्या ओतायची, खाली वाकून बघायची. पाणी खळखळ करत जायचं तेवढाच काय तो आवाज. खरं सांगते, त्या वर्षात माझ्या बोलण्याला उत्तर दिल्यासारखं तेवढंच काहीतरी होतं.

वर्षानं बिरण्णा आला. मामंजी बाजारात, आत्याबाई देवळात. तो न्हाणीघराच्या दारात उभा राहिला, लांब श्वास घेतला. वास नव्हता. खाली वाकून पीठ बघितलं. कोरडं. मग बेसिनावरून बोट फिरवलं. त्यावर साबणाचा डाग नाही, की ओघळ नाही.

"रोज वततायसा?"

"रोज."

"वर्सभर?"

मी मान हलवली. त्यानं बोट रुमालाला पुसलं. मग म्हणाला, "अक्का, तुमीच हात धुवा आता ह्येच्यात."

"मी? कामून?"

"धुवा."

त्याच्या आवाजावरून मला कळलं. म्हटलं, "अण्णा, गेला होता तुम्ही."

"गेलतो. निरोप सांगाय गेलो, पर न सांगताच आलो. तिथं पण बेसीन हाय. येक बाई लेकराचं तोंड धुवायलती त्येच्यात."

"केवढं लेकरू?"

तो जोडाकडं बघत म्हणाला, "दात आल्यात."

मी रडले नाही. विचित्र वाटेल, पण आधी मनात आलं ते आत्याबाईंचं. त्यांनी भिंतीवर टेकवलेला हात. मामंजींना सगळं आधीच ठाऊक होतं, ते पुढं कळलं. बेसीन आणायला गेले तेव्हा ते घर बघूनच आले होते. मुलाला घरी ओढून आणायचं चिनी मातीचं आमिष, आणखी काय.

बेसिनावर मालकांसाठी भरून ठेवलेली पाण्याची टाकी होती, तिची तोटी मी फिरवली. वर्षभर त्या बेसिनात पाणी ओतलं होतं, पण हात घातला नव्हता. पाणी गार होतं. कोपरापर्यंत धुतले हात, मग तोंड धुतलं. बाजूला झाले आणि म्हटलं, "आता तुम्ही."

"मी डोणीवर धुतो की."

"किती बेसिनं बसवलीत आजवर?"

"मोजली न्हाईत."

"एकात तरी हात धुतलात?"

तो हसला, मग हसू मावळलं. दारातून अंगणात कुणी आहे का बघितलं. मग पुढं आला आणि हात पाण्याखाली धरले. शिशानं काळे पडलेले, जाड बोटांचे हात. चोळलेसुद्धा नाहीत, नुसते धरून उभा राहिला. त्या दिवशी मी त्याला चहा घरातल्या पेल्यातून दिला. त्यानं पेला दोन्ही हातांनी धरला आणि पिऊन झाल्यावर, मी नको नको म्हणताना, त्याच बेसिनात विसळून दिला.

त्यानंतर महिन्याभरात मी भावाला पत्र घातलं आणि उदगीरला निघून आले. शिवण शिकले, त्यावर जगले. बिरण्णा पुन्हा भेटला नाही. पुढं निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीनंतर केव्हातरी, बीदरहून आलेल्या एका बाईकडून कळलं की मैलूरातला एकटा राहणारा नळवाला गेला. खोलीत दोन दिवस कुणाला कळलं नव्हतं. उशाशी पिठाची पुरचुंडी होती, त्यावरून लोकांना वाटलं, भीक मागून राहत असेल. मी त्या बाईला म्हटलं, नाही हो, तो भिकारी नव्हता. पण तिला दुसरीकडं जायची घाई होती.

या वयात मी एकटीच राहते. घरात बेसीन आहे, आणि त्यात मी दिवसातून दहादा हात धुते. महिन्यातून एकदा खालची फरशी पुसते, गुडघे दुखतात तरी खाली बसते, चिमटीचिमटीनं ज्वारीचं पीठ पसरते आणि वाट बघते. शेजारीण विचारते, मावशी, हे काय करायलाव? मी म्हणते, बस जरा. तासभर बसावं लागतं.