बावांग मेराह

२०२३ साल. मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. बायको गेली आणि मुलाने मला अमेरिकेत, कॅरी गावी आणलं. सकाळी तो आणि सून कामावर गेले की संध्याकाळपर्यंत घरात माणसाचा आवाज नाही. टीव्ही मी लावत नसे. जो आपलं ऐकत नाही, त्याचं आपण काय ऐकायचं?

शेजारी जावा बेटावरचा एक म्हातारा लेकीकडे आला होता. त्यालाही इंग्रजी येत नव्हतं, म्हणून आमचं जमलं. दुपारी त्याच्या वाफ्याजवळ दोन खुर्च्या टाकून बसायचो. तो त्याच्या भाषेत बोले, मी मराठीत. दिवसभरातलं माझं बोलणं तेवढंच.

एकदा त्याने मोठा कांदा दाखवला. म्हणाला, "बावांग बोम्बाय."

छाती फुगली माझी. उभं आयुष्य नाशिककडे कांदा निवडण्यात गेलेलं. तरी सांगितलंच, "अहो, मुंबईत कुठला कांदा पिकतोय? तिथं नुसता बोटीत चढतो. माल आमचा!"

तो हसला. लसूण दाखवून "बावांग पुतिह" म्हणाला. मग वाफ्यातनं बारक्या कांद्यांचा झुबका उपटला. असल्या बारक्या मालाला आम्ही गोल्टी म्हणतो, बाजूला काढतो. बघायला मी हात पुढे केला, तर झुबका छातीशी धरून म्हणतो, "बावांग मेराह."

मेरा? एवढी हिंदी मलाही कळते. मोठा तुमचा, हा माझा, हात लावायचा नाही! आणि तेही गोल्टीसाठी! "राहू दे तुलाच," म्हणालो आणि उठून आलो.

आठ दिवस गेलो नाही. तो दोन खुर्च्या मांडायचा, आमच्या खिडकीकडे बघायचा. मी पडद्याआड. नवव्या दिवशी खुर्ची एकच दिसली. मला जेवण जाईना.

संध्याकाळी सुनेने खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं. तिने फोनमध्ये बघितलं आणि हसायलाच लागली.

"बाबा, मेराह म्हणजे लाल! पुतिह म्हणजे पांढरा. लाल कांदा म्हणाले हो ते. जन्मभर कांदेच निवडलेत ना तुम्ही?"

"त्याने नीट बोलायला पाहिजे होतं."

"उद्या सॉरी म्हणून या."

"कुठल्या भाषेत?"

शब्द येत असता तरी मी म्हटला नसता. पण दुपारपर्यंत थांबवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांच्या गाड्या कोपऱ्यावर वळल्याबरोबर मी चपला घातल्या, शेजारची बेल वाजवली, आणि दार उघडायला वेळ लागला तशी पुन्हा वाजवली.