भट्टीपुढचं खोबरं

वसमतच्या रस्त्यालगत एका शेतात हळद शिजत होती. मी गाडीची काच खाली केली आणि तो ओला, मातकट वास आत आला.

त्या वासानं एक जुनी सकाळ आठवली. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. डोंगरकडा गावातल्या आमच्या शेतात भट्टीवर हळदीची कढई चढली होती. जाळ लावण्याआधी घरातल्या थोरल्या लेकरानं नारळ फोडायचा, ही आमची रीत. धुकं इतकं दाट होतं, की माणसं तरंगत आल्यासारखी दिसत.

बाबांनी नारळ पुढे केला. मी हात मागे घेतले.

"मला देव खरा वाटत न्हाई, बाबा."

आई दचकली. "काहून असं बोलून राहिलीस? चांगल्या कामाच्या टायमाला!"

आता आपण या घराला परक्या झालो, असं मला वाटलं.

बाबांनी स्वतःच नारळ फोडला, जाळ लावला आणि एक तुकडा माझ्यापुढे धरला.

"प्रसाद हाय का हा?" मी विचारलं.

"मला प्रसाद हाय. तुला खोबरं. खा, सकाळपासून उपाशी हायेस."

बाबांनी उत्तर टाळलं, असं तेव्हा वाटलं. मला भीती कशाची होती, ते त्यांनी ओळखलं होतं, असं आता वाटतं.

देवाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. हळदीचा वास आला, की तोंडात मात्र खोबऱ्याची गोडी येते.